घंटेचा स्क्रू

ऐंशी सालानंतरची गोष्ट. मालवणात बर्फाच्या कारखान्यात मी मशीनवर होतो. शिक्षण चौथीपर्यंत, पण आकडे वाचता यायचे. दर तासाला गॅसच्या दाबाचा काटा बघायचा आणि आकडा तक्त्यावर लिहायचा. दाब चढला की घंटा वाजायची.

त्या घंटेने जीव खाल्ला होता. दुपारी गॅस गार करायच्या टाकीचं पाणी तापलं, काटा जरा हलला, की ही बोंबलायची. शेवटी आम्ही तिच्यात फडकं कोंबलं. कुडाळहून इंजिनियर आला, फडकं बघून तडकलाच. "अरे, खरोखर काही फुटलं तरी कळणार नाही तुम्हाला!" मग त्यानेच स्क्रू फिरवून घंटेची हद्द वर नेली. म्हणाला, "आता धोका असेल तेव्हाच वाजेल. पण लिहायचं सगळं, बारीकसारीकसुद्धा. बिघाड कधीपासून होत आला, ते त्यावरूनच कळतं."

मला ते फार पटलं. बायको मी जेवायला बसलो की सुरू व्हायची. कोंबडा शेजारणीच्या परड्यात गेला, भात करपला, पोटात कळ आली.

"गो, कोंबो आणि कळ सगळा एकाच आवाजात सांगतंस. काय मोठा झाला तरच माका सांग."

"घंटा वाजली काय बरे धावतास! माझ्या पण गळ्यात एक बांधा, गायीसारखी." हसली आणि म्हणाली, "बरा. सांगूचंय नाय."

आणि नाहीच सांगितलं. जेवण शांत झालं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

एक दिवस चुलीपुढे बसलेली ती उठेचना. डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं, मला विचारलं, "कधीपासून दुखतंय यांना?"

काट्याचं विचारलं असतं तर शिमग्यातल्या दुपारचा आकडाही काढून दिला असता. बायकोचं काय सांगू? "तूच सांग गो," म्हटलं.

"बरेच दिस झाले," ती म्हणाली. "मोठा नाय होता, म्हणान सांगूक नाय."

डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. त्या वर्षीचे गणपती तिने बघितले नाहीत.

इंजिनियरने दोन गोष्टी सांगितल्या होत्या. घरी मी एकच नेली, माझ्या सोयीची. आता पानावर बसतो तेव्हा कान तिच्या पाटाकडे लागतात. कोंबडा परड्यात गेला, एवढं जरी कोणी सांगितलं तरी हातातला घास ठेवून ऐकेन.