जोडीची इरकल

संध्याकाळी साडेसात वाजता आमच्या घरात कुणाला तहान लागलेली चालत नाही. हा आत्यांचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा कायदा. त्या वेळी त्यांची मालिका असते आणि गल्लीतल्या बायका ती बघायला आमच्याच पुढच्या सोप्यात येऊन बसतात, कारण मोठा टीव्ही आमच्याकडे. माझा नवरा फौजेत आहे. मागच्या सुट्टीला आला तेव्हा त्यानेच तो कँटीनमधून आणला. एवढा मोठा कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाला, "मी नसतो तवा घरात कोणतरी बोलाय नको व्हय?"

मालिका होती एका फौजीच्या बायकोची. नवरा सरहद्दीवर, सासू खाष्ट, जाऊ तिच्याहून खाष्ट. मी शिलाई मशीनवर बसून अर्ध्या कानाने ऐकायचे आणि नाक मुरडायचे. आमच्या कडेगावच्या बाजूला हाक मारावी तिथे फौजीचं घर सापडतं, पण अशी दिवसभर दागिने घालून खिडकीत उभी राहिलेली बायको मी एकाही घरात पाहिली नाही. तशी उभी राहिली तर शेण कोण काढणार? आत्यांना मात्र ती पोरगी घरच्यासारखी वाटायची. जेवताना तिच्या सासूला शिव्या घालायच्या, आणि मी हळूच म्हणायचे, "आत्या, तुमी बी सासूच हाय की." त्यावर भाकरीचा तुकडा मोडून म्हणायच्या, "गप जेव."

मग गेल्या दिवाळीनंतर त्या मालिकेचं शूटिंगच आमच्या शिवारात आलं. गाड्या, छत्र्या, दिवे, आणि उसाच्या बांधावर खुर्ची टाकून बसलेली ती नटी. आत्यांनी बघितलं आणि तशाच घरी परत आल्या. म्हणाल्या, "पोरगी आपल्या गावात आली आन् मोकळ्या हातानं जायची? ओटी भराय पायजे."

दिवाळीआधी त्यांनी सांगलीहून दोन इरकली आणल्या होत्या, अगदी जोडीच्या. हिरवं अंग, लाल पदर. एक मला आणि एक माझ्या नणंदेला, ती दिवाळीला आली की द्यायची म्हणून. नणंदेचं येणं राहिलं होतं. दोन्ही पदरांना गोंडे मीच केले होते, लाल दोऱ्यात पांढरे मणी ओवून. त्यातली नणंदेची साडी आत्यांनी उचलली, नारळ, तांदूळ, खारीक, हळकुंड घेतलं आणि मला पुढे घालून बांधावर गेल्या.

त्या पोरीने आधी हात जोडले. मग आत्यांनी तिला पदर पसरायला लावला तेव्हा ती कानकोंडी झाली. हळूच मला म्हणाली, "ताई, माझं अजून लग्न नाही झालंय." मी कपाळाला हात लावला. ओटी भरतात ती सवाष्णीची. पण आत्यांनी ते ऐकलं आणि जराही गडबडल्या नाहीत. "आमच्या डोळ्यादेखत झालंय की. चांगलं आठवडाभर चालवलं होतं. हळद बी बघितली आमी." पोरगी मनमोकळं हसली आणि पदर पसरला. जाताना म्हणाली, "आजी, ही साडी मी मालिकेत नक्की नेसेन."

तेव्हापासून आमच्या सोप्यात नवाच धंदा सुरू झाला. मालिकेत काय चाललंय यापेक्षा ती आज काय नेसली याकडे सगळ्यांचं लक्ष. निळी नेसली, पिवळी नेसली. आपली हिरवी काही येईना. शेजारची चुलत जाऊ आत्यांना चिडवायची, "आत्याबाई, तुमची इरकल तिनं मोलकरणीला दिली असंल." आत्या म्हणायच्या, "नेसंल गं. सणाला ठेवली असंल."

या उन्हाळ्यात एका संध्याकाळी मालिकेचा त्या दिवसाचा भाग संपला, पण रोजच्या साबणाच्या जाहिराती आल्याच नाहीत. चॅनलने पुढच्या महिन्यात काय काय येणार ते दाखवायला घेतलं. मोठ्या आवाजात एक माणूस सांगत होता की आता सगळं नवं, वेळाही नव्या. आधी लहान पोरांच्या गाण्याचा कार्यक्रम आला. जाऊ म्हणाली, "त्यांचा अभ्यास कोण घेणार?" मग एक भुताची मालिका आली आणि ती ठेवली होती बरोबर दूध घालायच्या वेळेला. त्यावर सगळ्याजणी एकदम बोलायला लागल्या. भूत बघायचं की डेअरीला जायचं? मग एक नट स्वयंपाक करताना दाखवला. त्याचं कांदा चिरणं बघून आत्यांनी नुसतं तोंड फिरवलं. सोप्यात नुसती धमाल चालली होती. मीसुद्धा मशीन थांबवून हसत होते.

आणि मग आमची मालिका आली. अंगण, तुळशीवृंदावन, आणि घरातून बाहेर येणारी ती पोरगी. जाऊ टाळी वाजवून उठलीच. "आत्याबाई, आली बघा तुमची साडी."

खरंच आली होती. हिरवी इरकल, लाल पदर. आत्या गुडघ्यावर हात टेकून टीव्हीजवळ सरकल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद मला अजून दिसतो. पडद्यावर पोरगी हसत हसत फोन कानाला लावत होती. मग तिचं हसू थांबलं. फोन हातातून सुटला. भिंतीवरचा वर्दीतला फोटो दाखवला, त्याला हार. ती पोरगी उभ्या जागी खाली बसली, मातीतच, आणि तिचा पदर अंगणात पसरला. कॅमेरा त्या पदरावरून सावकाश गेला. गोंडे माझे होते. लाल दोरा, पांढरे मणी. एका गोंड्यात एक मणी कमी पडला होता म्हणून मी तिथे गाठ मारली होती, ती गाठसुद्धा मला दिसली.

मी खाली बघितलं. मी त्या दिवशी तीच नेसले होते. आत्यांचा हट्ट म्हणून त्या जोडीतली माझी साडी मी घरात नेसूनच जुनी करत होते. एकेका बाईचं लक्ष टीव्हीवरून माझ्याकडे आलं आणि झटकन दुसरीकडे गेलं. चपला घालताना कुणी 'येते' म्हणालं नाही. मालिकांना नावं ठेवणारी मी. ते नाटक आहे हे मला पुरतं ठाऊक होतं आणि तरीही मी घाबरले होते.

आत्या मात्र टीव्हीकडेच बघत बसल्या होत्या. तिथे साबण लागला होता. तिकडे बघतच म्हणाल्या, "ती काढ आन् दुसरी नेस."

मी नेसले. त्यांनी इरकलीची घडी घातली आणि माझ्या नवऱ्याच्या काळ्या ट्रंकेत तळाशी ठेवून वर घोंगडं टाकलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "त्याला ह्यातलं चकार शब्दानं सांगायचं न्हाई. तिकडं असताना मन कच्चं हुता कामा नये." मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ताटातली भाकरी तशीच ठेवली. मशीनजवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "साडी माज्या हातची हाय. मीच निऊन दिली." मी समजावलं, की आत्या, ती कहाणी लिहिणारे मुंबईत बसतात, त्यांना आपली साडी काय माहीत. त्या म्हणाल्या, "मग परत मागू या का?" आणि स्वतःच मान हलवली. ओटीत घातलेलं परत मागत नाहीत. ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं.

शेवटी म्हणाल्या, "लोक चॅनलला मोबाईलवर लिवतात म्हणं. माज्याकडनं लिव."

मी ती जाहिरात मोबाईलवर उघडली. खाली लोकांचा नुसता गोंधळ. तिला विधवा केलीत तर आम्ही चॅनल बंद करू, असं एकीने लिहिलं होतं. कुणाच्या तरी आजी रडून आजारी पडल्या होत्या. एकाला फक्त गाण्याच्या कार्यक्रमात मुलीचं नाव कसं घालायचं ते हवं होतं. नसलेल्या माणसासाठी अख्खा महाराष्ट्र सुतकात बसल्यासारखा दिसत होता. आत्या सांगत गेल्या आणि मी शब्दही न बदलता लिहीत गेले.

"बाई, ती साडी बदला. तिच्या जोडीची माज्या सुनंच्या अंगावर हाय. माजा ल्योक सरहद्दीवर हाय. बाकी तुमाला कुणाला मारायचं त्याला मारा."

मी पाठवून दिलं. एवढ्या गर्दीत कोण वाचतंय, असं मला वाटलं. संध्याकाळपर्यंत त्याखाली हसणाऱ्या तोंडांची रांग लागली होती. एकाने लिहिलं होतं, काकू, मालिका आहे ती. चॅनलचंही उत्तर आलं होतं, तुमच्या प्रेमाबद्दल आभारी आहोत, पाहायला विसरू नका. ते वाचून दाखवल्यावर आत्या म्हणाल्या, "बघितलंस? कळतच न्हाई ह्यांना." त्या दिवशी साडेसातला टीव्ही लागला नाही. बायकाही आल्या नाहीत.

मधल्या दिवसांत नवऱ्याचा फोन येत होता. आम्ही दोघी उसाच्या तोडीबद्दल बोललो, म्हशीबद्दल बोललो, विहिरीवरची मोटार जळाली त्याबद्दल बोललो. आत्यांचा आवाज इतका खणखणीत, की मला शंका यायची याला आता कळणार. तोही नेहमीपेक्षा जरा जास्तच हसत होता.

रविवारी सकाळी त्याचा व्हिडिओ कॉल आला. दाढी केलेली, मागे बराकीची भिंत. इकडचं तिकडचं विचारून झाल्यावर म्हणाला, "तुजी ती हिरवी इरकल कुटं हाय?"

मी म्हटलं, "कुठली?"

"किती हायत तुज्याकडं?" तो हसला नाही. "हितं बी टीव्ही हाय गं. आन् त्या जाहिरातीखाली तू काय लिवलंस ते तुजं नाव बघून पोरांनी मला वाचून दाखवलं."

त्याच्यापासून लपवायचं म्हणून घरात कुजबुजणाऱ्या आम्ही दोघी सगळ्या जगाला लिहून बसलो होतो, आणि ते सगळ्यात आधी त्यालाच मिळालं होतं. मला रडू फुटलं. आत्या मागून येऊन उभ्या राहिल्या. तो त्यांना म्हणाला, "आई, मी ती बाई खाली बसताना बघितली. डोळ्याम्होरनं जाईना. पदर हिचाच हुता. मला वाटलं, ही अशीच बसंल."

आत्या फोनच्या आणखी जवळ सरकल्या.

"तिला ती नेसून येऊ दे," तो म्हणाला. "मला बघू दे."

मी आत्यांकडे बघितलं. नाही म्हणतील असं वाटलं होतं. पण त्यांनी ट्रंक उघडली, घोंगडं बाजूला सारलं आणि साडी माझ्या हातात दिली. निऱ्या नीट पडेनात, तेव्हा त्यांनीच खाली बसून निऱ्या सारख्या केल्या, आणि मी बाहेर निघताना माझ्या कपाळाला ठसठशीत कुंकू लावलं.

अंगणात आले तर फोन आत्यांच्या हातात. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला होता.

"मागं सरक," तो म्हणाला. "समदी दिसू दे. पदर दाखव." मी पदर पुढे घेतला, गोंडे दाखवले. त्याने बराच वेळ बघितलं. मला उन्हात गरगरायला लागलं होतं. मी कट्ट्याचा आधार घ्यायला वाकले, तसा त्याचा आवाज आला.

"खाली बसू नगंस. उबी ऱ्हा जरा."

आत्या म्हणाल्या, "ऱ्हा गं पोरी." रेंज जाईपर्यंत मी तशीच उभी होते.