उकिरड्याची माती

शेतजमिनीत कार्बन साठवला तर कंपनी पैसे देते, असं सांगत एक साहेब वडवणीजवळच्या आमच्या शेतात मातीचा नमुना घ्यायला आले. आमचे काका घरात सगळ्यात हुशार, हे त्यांचं स्वतःचंच मत. पाहुण्यासमोर शोभा होऊ नये म्हणून त्यांनी साहेबांना थेट जुन्या उकिरड्याच्या जागेवर नेलं. तिथं वर्षानुवर्षं शेण कुजलेलं. माती उत्तम निघाली, कार्बन भरपूर. काकांनी गावभर चहा पाजला.

पुढच्या खेपेला साहेबांनी समजावलं, "पैसे मिळतील ते या नमुन्यापेक्षा जेवढा कार्बन वाढेल तेवढ्याचेच."

काका साहेबांवरच उखडले, "आधी न्हाई का सांगायचं? वाईट माती बी लई हाय आमच्याकडं!"