मातामायचा पांढरा कोंबडा

कोंबड्याच्या पाठीवर मला पहिल्यांदा रक्त दिसलं तेव्हा मी ओरडले नाही. ओरडायची सोयच नव्हती. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, आत चुलीपुढे बसल्या होत्या, आणि त्यांच्या कानावर गेलं असतं तर घरात सुतक पडल्यासारखं झालं असतं. तो साधा कोंबडा नव्हताच. माझ्या पोटातल्या लेकरासाठी मातामाय देवीला नवसानं बोललेला कोंबडा होता.

त्याआधी माझी दोन लेकरं पाचव्या महिन्यात गेली होती. तिसऱ्यांदा दिवस राहिले तसा आत्याबाईंनी शिवेवरच्या निंबाखाली मातामायपुढे पदर पसरला. लेकरू सुखरूप हाती येऊ दे, पांढरा कोंबडा देईन. अट एकच, कोंबडा अंगानं धड पाहिजे. लंगडा, काणा, पिसं गेलेला चालत नाही. "त्याले काई झालं तं समज," एवढंच त्या म्हणायच्या आणि पुढचं गिळायच्या. काय समजायचं ते मला झोपेतही समजत होतं.

यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंनी वाकायचं नाही, उचलायचं नाही असं बजावलेलं. कपाशी निंदताना मला कोणी गाठू शकत नव्हतं, ती मी दिवसभर ओसरीतल्या खाटेवर पडून. समोर खुराडं. घर वावराला लागून, कपाशीवर फवारणी सुरू झालेली. बाहेर सोडलं तर औषधानं मेलेले किडे खाऊन कोंबड्या मरतील, म्हणून सगळ्या जाळीच्या आत. त्याही कोंडलेल्या, मीही कोंडलेली. माझं निदान तोंड तरी चालत होतं.

काय सांगू बाप्पा, कोंबडीची जात इतकी वाईट असेल असं मला वाटलं नव्हतं. एखादी हळूच मागून यायची, शेपटीजवळचं पीस ओढायची आणि खाऊन टाकायची. हो, खायची! मग दुसरी यायची. आमचा कोंबडा अजून पोरगाच, धड आरवताही येत नव्हतं. त्यांना हुसकायचं सोडून कोपऱ्यात तोंड खुपसून उभा राहायचा. मी खाटेवरून करवादायची, "अरे मेल्या, तुले चोच नाई का? मार नं एकीले!" तो काही मारायचा नाही. त्याची पाठ उघडी पडत चालली.

हे लपणार किती? आत्याबाईंनी पाहिलं आणि तशाच कुंकवाचं ताट आणायला आत धावल्या. त्या दिवसापासून नवसाचं कुंकू, जे कोंबड्याला दर मंगळवारी लागायचं, ते रोज लागायला लागलं. तेलात कालवलेलं कुंकू, डोक्यावर, मानेवर, दोन्ही पंखांच्या मुळाशी, चांगलं चोपडून. मातामायनं राखावं म्हणून. तरी रोज पिसं कमीच होत गेली. शेजारच्या बायका पाहायला यायच्या. आधी कोंबड्याकडे पाहायच्या, मग माझ्या पोटाकडे. "जपजो वं पोरी," म्हणायच्या आणि लगेच उठायच्या. मला त्यांचा असा राग यायचा की खाटेची दोरी तोडावी.

मग एका तलंगेनं पहिलं अंडं घातलं. तलंग म्हणजे नुकती अंड्यावर आलेली कोंबडी. अंड्याला थोडं रक्त लागलेलं, तिलाही मागून लागलेलं. ते बाकीच्यांनी पाहिलं आणि सगळ्या मिळून तिच्यावर तुटून पडल्या, मागून, जिथून अंडं आलं तिथूनच. मी काठी आपटली, बोंबलले. आत्याबाई परसातून धावत येईपर्यंत ती आडवी झाली होती. त्यांनी तिला पदराखाली झाकून नेलं, मला दिसू नये म्हणून. मला सगळं दिसलं होतं. अंडं कोपऱ्यात पडलं होतं, अख्खं.

त्यानंतर मी खरंच घाबरले. पोटात लेकरू हललं तरी दचकायची. हललं नाही तर त्याहून जास्त.

झोप उडाली तशी मी त्या कोंबड्यांवर नजर लावून बसले. एका सकाळी आत्याबाई कुंकवाचं ताट घेऊन खुराड्यापाशी गेल्या आणि चिमूटभर कुंकू दाराच्या दगडावर सांडलं. दाणे टाकलेले होते. दाणे सोडून सगळ्या त्या दगडावर आल्या आणि टकटक टकटक चोची मारायला लागल्या. दगडावर! मी उठूनच बसले.

"आत्याबाई, त्या कोंबड्याले नाई मारून राह्यल्या. लाल दिसलं का मारून राह्यल्या. पुसा तेवढं कुंकू."

त्यांनी ताट खाली ठेवलं. "देवीच्या नावाचं कुंकू पुसाले सांगतं मले? भरल्या पोटाची बाई तू. जीभ कशी वळली वं तुही?"

"पाहा नं तुमी, दगडाले मारून राह्यल्या..."

"चूप बस."

मी चूप बसले. त्या मुकुटबनच्या बाजाराला जाईपर्यंत.

त्या गेल्या तशी मी खाटेवरून उतरले. वाकायचं नव्हतं, म्हणून बसल्या बसल्या सरकत खुराड्यापर्यंत गेले. कोंबडा मांडीवर घेतला, त्याचं काळीज पिसांखाली धडधड करत होतं. लुगड्याचा ओला सोगा त्याच्या डोक्यावरून, मानेवरून फिरवला. सवाष्णीच्या हातानं कुंकू पुसत होते मी. मग तव्याची काजळी निंबाच्या तेलात कालवून पाठीवर, जखमांवर, जिथं जिथं लाल होतं तिथं फासली. खाटेशेजारी बांबूच्या डालग्याखाली त्याला एकटा ठेवला आणि भिजवलेली तुरीची डाळ हातानं चारली.

आत्याबाई आल्या. पांढरा कोंबडा काळा झालेला पाहिला आणि त्यांच्या हातातली थैली पडली. तशाच आत गेल्या. बोलल्या असत्या तर मी भांडले असते, भांडण मला जमतं. दिवेलागणीच्या आतच माझ्या पोटात कळ आली.

यवतमाळला जाताना जीपमध्ये माझं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. त्यांचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. मी वाट पाहत होते, आता म्हणतील, तूच पुसलं. पण त्यांनी म्हणायची गरजच नव्हती. लेकरू गेलं असतं तर ते मीच मला जन्मभर म्हटलं असतं.

लेकरू राहिलं. कळा थांबल्या. डॉक्टरीणबाईंनी मला ठेवून घेतलं, माझ्याजवळ आमचे हे थांबले आणि आत्याबाई घरी परतल्या.

मी घरी आले तेव्हा कोंबडा त्याच डालग्याखाली होता. पाठीवर नवी पिसं काट्यांसारखी वर आली होती आणि त्यांच्यामध्ये ताजी काजळी. मी आत्याबाईंच्या हातांकडे पाहिलं. नखं काळी होती.

"कुंकू नाई लावलं," त्या म्हणाल्या. "सांगून आली मी मातामायले. रागावशीन तं माह्यावर रागाव म्हटलं."

पुढचे महिने तो माझ्या खाटेपाशीच राहिला. कोंबड्यांजवळ जायचा नाही, माणसाचा हात दिसला की लपायचा. फक्त माझ्या हातचं खायचा, माझा आवाज आला की मान वर करायचा. फवारणी सरली, कोंबड्या मोकळ्या सुटल्या, तरी तो माझी खाट सोडेना. मग पोरगी झाली. ती रडली त्याहून मोठ्यानं आत्याबाई रडल्या.

सव्वा महिना झाला. निंबाखाली दगड धुतला, सुरीला धार लावली, नवस फेडायची सगळी तयारी झाली. कोंबडा पांढराशुभ्र, अंगावर एक डाग नाही, मातामायला पाहिजे होता तसा. पण हाती लागेना. आमचे हे त्याच्यामागे घामाघूम झाले आणि तो टिनाच्या छपरावर चढून बसला.

आत्याबाईंनी माझ्या मांडीवरून पोरीला घेतलं. माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "तूच बोलाव. तुह्याच हातचं खाते थो."

मला नाही म्हणायचं होतं. पोरगी त्यांच्या खांद्यावर मूठ चोखत होती. मी तळहातावर डाळ घेतली आणि म्हटलं, "ये रे."

तो टिनावरून उतरला. अंगण ओलांडून सरळ माझ्याकडे आला आणि खायला लागला. मी दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं त्याच्या डोक्यावर कुंकू लावलं. तो खातच होता.