रेवाच्या बाहुलीचं औक्षण

“सिव्हिअर ऑटिझम. तिला प्रिटेंड प्ले जमत नाही,” बर्मिंगहॅमच्या हॉस्पिटलातले डॉक्टर म्हणाले. प्रिटेंड प्ले म्हणजे खोटंखोटं खेळणं. म्हणून माझ्या पाच वर्षांच्या रेवाला साध्या शाळेत घालू नका, स्पेशल स्कूलच बघा म्हणे. माझं डोकंच फिरलं.

तिची सोशल कम्युनिकेशन असेसमेंट झाली होती. म्हणजे मूल माणसांशी कसं वागतं ते खेळातून बघायचं. समोर बाहुली, खोटा केक, खोटी मेणबत्ती. हॅपी बर्थडे! आता रेवानं फुंकर मारायची. तिनं मेणबत्ती ताटलीत ठेवली आणि ताटली बाहुलीच्या तोंडासमोर गोल फिरवली. अहो, औक्षण करत होती पोरगी! आमच्याकडे वाढदिवसाला दिवा विझवत नाहीत. मी सांगायला तोंड उघडलं, तर तपासणारी बाई म्हणते, “मम, प्लीज डोन्ट हेल्प.” मी हिची आई कधी झाले? आणि रिपोर्टात काय, तर ‘वस्तू निरर्थक गोल फिरवते’. निरर्थक म्हणे!

नवरा म्हणाला, “जाऊ दे गं, त्यांना काय कळणार!” जाऊ दे? पोरीच्या शाळेचा प्रश्न होता. रेवाच्या वाढदिवसाच्या औक्षणाची कॅमकॉर्डरची टेप घेऊन मी डॉक्टरांपुढे जाऊन बसले. टेप बघून त्यांचे कान लाल झाले. पुन्हा तपासणी झाली, या वेळी मराठी येणाऱ्या स्पीच थेरपिस्टकडून, खेळण्यातल्या निरांजनासकट. ऑटिझम आहेच. ते मला आधीपासून दिसत होतं, मी काही आंधळी नाही. पण ‘सिव्हिअर’ गेलं आणि मदतनीस देऊन रेवाला साधी शाळा मिळाली.

मला वाटलं, सुटलो. पुढच्या अपॉइंटमेंटला वेटिंग रूममध्ये एक इराणी बाई रडत बसलेली. तिचा मुलगा फक्त फारसी बोलणारा. त्याच्यासमोर म्हणे एक ताट आणि दिवा ठेवला, तो नुसता बघत राहिला. “आमच्या घरी केकच असतो,” ती मोडक्यातोडक्या इंग्लिशमध्ये म्हणाली, “मेणबत्त्या तोच फुंकतो.”

म्हणजे हॉस्पिटलवाले हेच शिकले! आमचं निरांजन उचललं आणि दिसेल त्या काळ्या केसांच्या पोरापुढे ठेवलं. 

तुमच्यावर ही वेळ आली तर गप्प बसू नका. मी नाही बसले. त्या बाईला हाताला धरून उठवलं आणि सरळ डॉक्टरांचं दार उघडलं.

“आधी हिला विचारा,” म्हटलं, “मग हिच्या पोराला तपासा.”