खळ्याकडेचा दगड

"बूट काढ. पाय दाखव. इथे नको, तिकडे, दाराबाहेर."

रत्नागिरीच्या कचेरीतला कारकून मला म्हणाला. माजी सैनिकांचे अर्ज घेतात ती कचेरी. बाकावर आणखी चार-पाच माणसं बसलेली, सगळी पलटणीतून आलेली. मंडणगडहून पहाटेच्या एसटीने निघालेला मी, दुपारी तिथे टेकलो होतो. व्हरांड्यात बसलो. बूट काढले, मोजे काढले, पाय पुढे केले. टाचा फुटलेल्या, तळवे काळेनिळे, नखं गेलेली. कारकून खुर्चीतून उठला पण नाही. मान वाकडी करून तिथूनच बघितलं आणि हसला.

"अहो, तुम्ही लोक जन्माचे अनवाणी. तुमचे पाय असेच असायचे. त्यात सरकारने काय केलं?"

सगळा बाक हसला. मीही हसलो. हो, मीही! खुर्चीतल्या माणसापुढे हसायची सवय अंगात मुरलेली. त्या हसण्याची मला अजून चीड येते.

ही गोष्ट दोन वर्षांमागची, पंच्याऐंशीची. पाय कसे गेले ते सांगतो. बर्फातल्या चौकीवर होतो. खंदकात पाणी शिरायचं, ते गोठायचं, त्यातच उभं राहून पहारा. बूट ओले, मोजे ओले, बदलायला दुसरे नाहीत. आधी पाय ठणकायचे. मग ठणका थांबला. वाटलं, बरं झालं. बरं कसलं डोंबलाचं! पायच मेले होते. इस्पितळात डॉक्टरने टाचणी टोचली, मला कळलीच नाही. तो म्हणाला, "यापुढे अनवाणी चालायचं नाही. काटा घुसला तरी तुला समजणार नाही. जखम चिघळली की पाय कापावा लागेल."

पेन्शनीपुरती नोकरी भरायच्या आत मला घरी पाठवलं. साधी पेन्शन नाही. राहिली ती अपंगत्वाची. तीही नाकारली.

का? माझ्याच तोंडामुळे. मेडिकल बोर्डाच्या साहेबाने विचारलं, "भरतीच्या आधी पायात काय घालायचास?" मी सावधानमध्ये उभा. छाती काढून सांगितलं, "काही नाही साहेब! पलटणीने बूट दिले तोवर पायाला चप्पल ठाऊक नव्हती." मला वाटलं, साहेब म्हणेल, शाब्बास, काटक गडी आहेस. साहेबाने खाली मान घालून लिहिलं, पायाचं दुखणं भरतीच्या आधीचं, अनवाणी चालण्याने झालेलं. नोकरीशी संबंध नाही.

चप्पल का ठाऊक नव्हती, ते त्याने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

आमच्या गावात खोताच्या, म्हणजे जुन्या जमीनदाराच्या, घरापुढच्या खळ्याच्या कडेला जांभ्याचा एक दगड आहे. आमच्या बौद्धवाडीतून येणाऱ्याने त्या दगडापाशी पायातलं काढायचं. मग अनवाणी खळं ओलांडायचं आणि पडवीच्या खाली उभं राहायचं. वर चढायचं नाही. खोती कायद्याने गेली, दगड राहिला. वाडीचा रस्ताच त्या खळ्यातून. शाळेला तोच, बाजाराला तोच. "मग चपला घ्यायच्या तरी कशाला? हातात धरून फिरायला?" असं माझा बाप म्हणायचा.

तर तो कारकून म्हणाला, "अपील करा. पण गावच्या पोलीस पाटलाचा दाखला आणा. भरतीच्या आधी पाय धड होते असा. तुमच्या वाडीतल्या कुणाचा चालायचा नाही."

आमच्या गावचा पोलीस पाटील म्हणजे तोच खोत.

गेलो. पलटणीतून आल्यापासून खळं टाळून लांबच्या डोंगरवाटेने जायचो, आज इलाज नव्हता. दगडापाशी आलो आणि माझे हात आपसूक नाड्यांना लागले. कुणी काही बोललं नव्हतं. खळ्यात माणूससुद्धा नव्हता. चौकीवर गोळ्या येत होत्या तेव्हा मी मागे हटलो नव्हतो. इथे वाकलो. डॉक्टरचं बोलणं आठवत होतं, तरी वाकलो. बूट-मोजे दगडाजवळ ठेवले आणि अनवाणी चाललो.

खोत झोपाळ्यावर सुपारी कातरत होता. "काय रे, फुकटची पेन्शन खायची आहे होय? उद्या ये. आज आमच्याकडे पाहुणे आहेत."

दगडापाशी बूट-मोजे चढवून घरी आलो. बूट काढला तर मोजा रक्ताने चिकटलेला. आई धावली. "अरे मेल्या, रगत बघ किती गेला तुझा!" तळव्यात जांभ्याची कपची रुतली होती. मला पत्ता नाही. आईने ती पिनेने उकरून काढली, हळद भरली. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो, कारण पायात काहीच होत नव्हतं.

मग ती म्हणाली, "उद्या पन जा रे बाला. येकदा कागद हातात आला की झाला. तुझा बापूस जल्मभर काढीतच होता ना?"

तिच्यावर रागवू कसा? चूल तिलाच पेटवायची होती. पण त्या बोलण्याने माझं डोकं भणाणलं. बूट काढावे तर पाय जाणार. नाही काढावे तर पेन्शन जाणार. इकडे आड, तिकडे विहीर. पाय धड होते असा दाखला पाहिजे, तर तो आणायला पाय फाडून घ्यायचे! आणि देणार कोण? ज्याने मला अनवाणी ठेवला तोच.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. दगडापाशी थांबलो. हात खाली जायला बघत होते, ते पाठीमागे घट्ट धरले. आणि बुटांसकट खळ्यात शिरलो.

अडकित्ता थांबला.

"दगड दिसला नाही काय रे तुला?"

"दिसला."

"मग?"

"नाय काढणार."

एवढंच. मोठं भाषण नाही केलं.

"मग दाखला नाही. चालता हो."

चालता झालो. वाडीतल्या जाणत्यांनी मलाच बोल लावला. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला करतोस, म्हणाले. आईने दोन दिवस माझ्याशी अबोला धरला.

अपील मी दाखल्याशिवाय लिहिलं. स्वतःच्या हाताने. "मी अनवाणी होतो, कारण माझ्या गावात मला पायात घालू देत नव्हते. त्याच पायांना भरतीच्या मैदानात पाण्यात बुडवून फरशीवर उभं केलं, ठसा बघितला आणि पास केलं. ते पाय तुमच्या बर्फात मेले."

कारकुनाने वाचलं. "हे गावचं कशाला लिहिलंत? खोडा."

"नाही खोडणार."

"फेटाळतील."

"फेटाळू दे. पुन्हा करीन."

बाकावर या वेळी कुणी हसलं नाही. माझ्या बाजूनेही कुणी बोललं नाही.

फेटाळलं. मी पुन्हा केलं, तीच ओळ घालून. आई अजून दुसऱ्याच्या शेतावर जाते आणि मी ओट्यावर बसून बघतो. कपची रुतलेला डावा पाय चिघळलाय. दापोलीचा डॉक्टर म्हणतो, कापावा लागेल. लागला तर लागू दे. उजव्यात बूट घालीन, काठी घेईन आणि त्याच खळ्यातून एसटीला जाईन. त्या दगडापाशी वाकणार नाही.