सानिकाचं नाव कमी केलं

आम्ही तासगाव सोडलं त्या सकाळी गाडी दारातून निघाली आणि दुसऱ्याच गल्लीत थांबली. चार वर्षांच्या सानिकाला अंगणवाडीत जायचं होतं. त्या दिवशी तिथं शिरा असायचा. मागच्या सीटवर तिनं असा दंगा घातला की ड्रायव्हर म्हणाला, "जाऊ द्या ताई पोरीला पाच मिनिटं, विमान काय पळून जातंय व्हय." विमान पळूनच जातं हे त्याला माहीत नव्हतं, आणि मला तरी कुठं होतं. अंगणवाडीच्या बाई बाहेर आल्या. हातात हजेरीचं पुस्तक होतं. त्यांनी ते उघडलं आणि परत मिटलं. म्हणाल्या, "नाव इतक्यात कमी करत न्हाई मी. करमलं न्हाई तर याल की परत."

आई तेवढ्यात चालत गाडीपर्यंत आली होती. तिनं खिडकीतून माझ्या गालावरून हात फिरवला. रडली नाही. फक्त म्हणाली, "कुणी इचारलं तर खरं सांग. न्हाई इचारलं तर गप बस." 

याला दहा वर्षं झाली. वहिनी, हे तू आईला वाचून दाखवशील म्हणून लिहितेय, आणि माझ्यासारख्या इकडं आलेल्या बायकांसाठीही. आईच्या त्या वाक्यातला गप बसायचा भाग मी चोख पाळला. खरं सांगायचा भाग यंदा मोडला. ते कसं झालं ते सांगते.

आधी हे सांगायला हवं की मी कृतघ्न नाही. वन्संनी, म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहिणीनं, आमचे इकडं यायचे कागद भरले. ते यायला चौदा वर्षं लागली, तरी त्यांनी पिच्छा सोडला नाही. प्लेनोच्या त्यांच्या मोठ्या घरात त्यांनी आम्हाला चार महिने ठेवलं, मला फ्रिजमधलं काहीही न विचारता घ्यायची सवय लावली. नंतर ह्यांना अर्विंगच्या एका इंडियन ग्रोसरीच्या किचनमध्ये काम मिळालं, मला तिथंच पोळ्या लाटायचं, आणि आम्ही जवळच्या अपार्टमेंटमध्ये आलो. वन्सं निरोप देताना म्हणाल्या, "सुनीता, इथे सगळं पेपरवर चालतं. सही करताना दहादा विचार कर." त्या बोलल्या त्यात काही चूक नव्हती. पण त्या दिवसापासून कुठलाही कागद समोर आला की मी आधी पेन लांब सरकवते.

आमच्या जिन्यावर एकही मराठी घर नाही. मराठी माणसं पलीकडं, गेट असलेल्या कॉम्प्लेक्समध्ये राहतात. आमच्या समोर ग्लोरिया राहते, होंडुरासची. ऑफिसं साफ करायचं काम करते. तिची मुलगी येसेनिया आणि सानिका एकाच वयाच्या. मी दुपारी कामावर असले की सानिका ग्लोरियाच्या घरी, ग्लोरिया संध्याकाळी गेली की येसी माझ्या घरी. असं पहिलीपासून चाललंय. सानिका तिच्या घरी भात-राजमा जेवली, येसी माझ्या घरी पिठलं-भाकरी. सानिका आता स्पॅनिश इतकं सराईत बोलते की ग्लोरियाची आई फोनवर तिला आपलीच नात समजली होती. ग्लोरिया मला 'कोमाद्रे' म्हणते, म्हणजे एकमेकींच्या लेकरांच्या आया.

इथल्या मराठी मंडळात आम्ही जातो. वाईट कुणी नाही. पण पहिला प्रश्न येतो, "मिस्टर कुठल्या कंपनीत?" आणि उत्तर ऐकल्यावर समोरची बाई इतकं गोड हसते की मला पळून जावंसं वाटतं. गणपतीत एकीनं मला हाक मारली, "अगं पोळीवाल्या काकू, तुम्ही किचन बघाल का जरा? तुमच्यासारखं आम्हाला नाही जमत." मी बघितलं. सानिका तेव्हा हॉलमध्ये एका कोपऱ्यात फोनवर येसीशी स्पॅनिशमध्ये बोलत उभी होती, आणि तिच्या वयाच्या चार मुली तिच्याकडं बघून इंग्लिशमध्ये हसत होत्या.

तर यंदा सानिका घरी एक फॉर्म घेऊन आली. युनिव्हर्सिटीची माणसं शाळेत येणार होती. लॅटिनो, म्हणजे ग्लोरियासारख्या तिकडच्या स्पॅनिश बोलणाऱ्या देशांतून आलेल्या घरांतल्या मुलांना शाळा आपली वाटते का, वर्गात परकं वाटतं का, डब्याच्या सुट्टीत कुणाबरोबर बसतात, यावर त्यांचा अभ्यास होता. दर बुधवारी शाळा सुटल्यावर तासभर गप्पा, मग कागदावर एक ते पाच आकडे भरायचे. एक म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे अगदी हो. वर पिझ्झा. येसी आणि त्यांच्या दोघी मैत्रिणी जाणार होत्या.

मी तो कागद वाचला, माझ्या परीनं. आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वहिनी, तुला माहीत नसेल. मी नववीत असताना बेदाण्याच्या सीझनमध्ये आईची कंबर धरली होती, म्हणून शेडवर बेदाणा निवडायला तिच्या जागी मी गेले. हिरवा वेगळा, पिवळा वेगळा, काळा वेगळा, सकाळपासून दिवस मावळेपर्यंत. दीडेक महिन्यानं शाळेत गेले तर क्लार्क म्हणाले, हजेरी नाही म्हणून नाव कमी केलंय. बस, एवढंच. ना कुठल्या बाई घरी आल्या, ना कुणी विचारलं की पोरगी का येत नाही. आणि इथं शिकलेली माणसं गाडी चालवत येतात, पोरांना पिझ्झा देतात आणि विचारतात, तुला ही शाळा तुझी वाटते का. मला वाटलं, माझ्या लेकीला हे विचारलंच पाहिजे.

फॉर्मची एक बाजू इंग्लिश, दुसरी स्पॅनिश. मी ग्लोरियाकडं गेले. तिनं पेन घेतलं, एकेक ओळ वाचून मला अर्ध्या स्पॅनिशमध्ये, अर्ध्या हातवाऱ्यांनी सांगितलं. एका चौकटीशी ती थांबली. विद्यार्थी लॅटिनो आहे का. ग्लोरियानं सानिकाकडं बघितलं, ती येसीच्या पलंगावर पालथी पडून तिच्या नखांना रंग लावत होती. ग्लोरिया म्हणाली, "ही तर आमचीच," आणि पेन माझ्या हातात दिलं. टिक मी केली. खाली सही मी केली, मराठीत, सु. वि. जाधव.

ती चौकट कशाची आहे ते मला कळलं नव्हतं, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. तुम्हाला सांगते, कळलं होतं.

पाच बुधवार सानिका खूश होती. सहाव्या बुधवारी गप्पांत आजीच्या घराचा विषय निघाला आणि तिनं तासगाव सांगितलं. बेदाणे, आजी, मराठी, सगळं. अभ्यास करणाऱ्या मिस कार्लानं हळूच विचारलं, मग तुझ्या घरात लॅटिनो कोण. सानिका खरं बोलली, कुणी नाही. दुसऱ्या दिवशी मला शाळेतून फोन.

मी सुट्टी टाकून गेले. छोट्या खोलीत मिस कार्ला, सानिका आणि टेबलावर एक फोन. मी इंडियन म्हणून त्यांनी फोनवर हिंदी बोलणारी बाई ठेवली होती. माझं हिंदी म्हणजे तासगावचं. ती बाई कुठून तरी लांबून म्हणत होती, "आप निश्चिंत रहिए, कोई समस्या नहीं है," आणि मी म्हणत होते, "हां, लेकिन प्रॉब्लेम क्या हुआ?" मिस कार्ला वयानं लहान, बोलायला मऊ. तिनं पाणी दिलं. म्हणाली, कुणाची चूक शोधायची नाही, फक्त समजून घ्यायचंय. फॉर्म भरताना तो प्रश्न तुम्हाला कळला होता का?

सिटिझनशिपचा अर्ज मी मागंच भरू शकले असते. इंग्लिशच्या परीक्षेला घाबरून थांबले होते, यंदा मनाचा हिय्या करून कागद गोळा केलेत. त्यात विचारतात म्हणे, सरकारी कामात खोटं लिहिलंय का. शाळेचा फॉर्म सरकारी असतो की नाही मला माहीत नव्हतं. मला फक्त वन्संचा चेहरा दिसला. मी म्हणाले, "नो इंग्लिश. सॉरी."

सानिकानं मान वळवून माझ्याकडं बघितलं. दुकानात आली की काउंटरवर गिऱ्हाइकांशी मी इंग्लिश बोलते ते ती ऐकते. मिस कार्लानं मान डोलावली आणि अगदी समजूतदारपणे म्हणाली, घरी मग सानिकाच सगळं वाचून सांगते ना? म्हणजे त्यांच्या हिशेबानं टिक सानिकानं करायला लावली. पिझ्झासाठी, मैत्रिणींसाठी. पोरीच्या वयाचा विचार करून त्यांनी माफही करून टाकलं. आणि मी गप्प बसले.

मग तिनं सांगितलं की सानिकाची उत्तरं अभ्यासातून काढावी लागतील, आणि राहिलेल्या बुधवारी तिला बसता येणार नाही. ती बोलायला काही बोलली असेल, मला ऐकू आलं ते एवढंच, नाव कमी केलं. तेव्हा माझं डोकं फिरलं. मी फोनवाल्या बाईला म्हणाले, इनको पूछो, येसी के कागज पे लिखा होगा, मैं किसके साथ खाना खाती. वहाँ मेरी बेटी का नाम होगा. वो नाम का क्या करेंगे? वो भी निकालेंगे? फिर येसी अकेली खाती है क्या?

बाईनं ते शुद्ध करून तिकडं पोचवलं. मिस कार्लानं वहीत काहीतरी लिहून घेतलं. मग म्हणाली, हा फार चांगला प्रश्न आहे. इथं माणसांकडं उत्तर नसलं की ती प्रश्नाचं कौतुक करतात.

मी आणखी एक मागितलं. माझ्या लेकीनं पाच आठवडे काय आकडे भरले ते बघू द्या. तर ते गुप्त, आईलासुद्धा दाखवता येत नाहीत. आणि आता ते कागद नष्ट होणार. माझ्या मुलीला इथं परकं वाटतं का, हे या देशात पहिल्यांदा कुणी विचारलं, तिनं उत्तरही दिलं, आणि ते मशीनमध्ये फाडून टाकणार. बेदाणा निवडताना तरी टाकाऊ माल कुणाच्या तरी तोंडात जायचा.

त्यानंतरचे बुधवार सानिका लायब्ररीत बसून राहायची, येसीचा तास संपेपर्यंत. मिस कार्लानं पिझ्झाला तरी ये म्हणून निरोप धाडला होता. ही गेली नाही. वर्गात कुणीतरी तिला 'फेक लॅटिना' म्हणालं, हे मला ग्लोरियाकडून कळलं. ग्लोरिया त्या मुलाच्या आईशी भांडून आली. मी काय केलं? मी पोळ्या लाटल्या. सानिका माझ्याशी एका शब्दापुरती बोलायची. येस. नो. फाइन.

एका रविवारी मी कणीक मळताना विचारलं, "तू काय भरलं होतंस गं, त्या कागदावर?"

"पाच. सगळीकडे पाच. एव्हरीवन डिड, लवकर संपावं म्हणून."

"आणि खरं?"

तिनं खांदे उडवले. मग म्हणाली, "स्कूल फोर. म्हणजे आता थ्री. तुझं ते मंडळ, वन अँड हाफ."

"आणि घरी?"

ती फोनमध्ये बघत म्हणाली, "वन."

"एक?"

"त्यांना वाटतं मी चीटिंग केली. तू तिथेच बसली होतीस, आई. तुला इंग्लिश येतं."

मी हातावरची कणीक खरवडून काढत राहिले. दोन वर्षांपूर्वी मी तासगावला आले होते, वहिनी, तेव्हा तू मला पाहुण्यांच्या कपबशीत चहा दिलास. तू मानानंच दिलास, मला मात्र तो परक्या घरचा लागला. तरी तेव्हा मनात होतं, माझं घर अर्विंगला आहे, तिथं माझी मुलगी आहे. आणि मुलगी म्हणते, एक.

बुधवारी मी कामावरून लवकर निघाले. ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, "अर्ज टाकायच्या आधी कशाला नसती भानगड?" मी म्हणाले, असू दे. वन्संना सांगितलं नाही.

तास संपून मुलं बाहेर पडत होती. सानिका लायब्ररीतून येसीला घ्यायला आली होती, मला बघून दारातच थांबली. मिस कार्ला उरलेला पिझ्झा खोक्यात भरत होती. ती लगेच फोन शोधायला लागली, हिंदीवाल्या बाईला लावायला. मी म्हणाले, "नो फोन." मग गाडीत पाठ केलेलं बोलले. "दॅट डे आय लाय. आय अंडरस्टँड द क्वेश्चन. आय टिक. माय डॉटर नो टिक. माय डॉटर नो चीटिंग." पुढचं पाठ केलेलं विसरले, म्हणून शेवटचं परत एकदा म्हणाले, दारातल्या मुलांना ऐकू जाईल असं.

मिस कार्लानं खोकं खाली ठेवलं. म्हणाली, तिची आई मेक्सिकोची. प्रत्येक ऑफिसात 'नो इंग्लिश' म्हणायची, आणि शेजारी लहानगी कार्ला उभी असायची, आईला येतं हे माहीत असून. मग तिनं सानिकाला बोलावून सॉरी म्हटलं, नीट, मोठ्या माणसाला म्हणतात तसं. मला वाटलं, आता घेतील परत. नाही घेतलं. नियम आहे. नाव गेलं ते गेलंच. माझ्या अर्जाचं काय होईल तेही तिला सांगता आलं नाही, ती म्हणाली, बहुतेक काही होणार नाही. या 'बहुतेक'वर मी अजून झोपते.

गाडीत येसी आणि सानिका मागं बसल्या, स्पॅनिशमध्ये कुजबुजत, खिदळत. माझ्या इंग्लिशवरच असणार. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा सानिका पुढं वाकून म्हणाली, "घर आता थ्री."

"पाच नाही?"

"बघू ना, आई. लगेच पाच कोण देतं."

वहिनी, आई दर फोनला विचारते, तिकडं घरासारखं वाटतं का गं. मी दर वेळी हो म्हणते, तिला बरं वाटावं म्हणून. आता तिला खरं सांग. म्हणावं, एक झालं होतं, ते तीनवर आलंय.