पाचव्या घोड्याचे नाल

शनिवारी सकाळी कुंडल गावातल्या आपल्या घरापुढं, ओट्यावर, चांदसाहेब नालबंद अॅल्युमिनियमचे नाल चार-चारच्या ढिगात मांडत होते. पाच ढीग झाले. त्यांच्या बायकोनं, हुसेनबीनं, चहाचा कप बाजूला ठेवला आणि विचारलं, "किती?"

"वीस."

"मागल्या खेपेलाबी वीसच."

"वीसच्या खाली येत न्हाई," चांदसाहेब म्हणाले. "खाली आलं की शर्यतच न्हाई."

एका घोड्याला चार नाल, पाच घोड्यांना वीस. शर्यती भरवणाऱ्या क्लबचा जुना नियम होता की पाच घोडे उभे राहिले नाहीत तर शर्यत रद्द. हा नियम केला तेव्हा तो कधी लागेल असं कुणाला वाटलं नव्हतं. चांदसाहेब पहिल्यांदा क्लबच्या मैदानावर गेले त्या साली एका शर्यतीला बारा घोडे असायचे आणि दिवसाला अशा चार शर्यती व्हायच्या. तीन नालबंद दोन दिवस राबत. त्यांतले दोघं आता नाहीत आणि त्यांच्या मुलांनी गॅरेजं काढली आहेत.

मैदान पलूस रस्त्यापासून आत, माळावर आहे. संस्थानाच्या काळात आखलेलं, भोवती लाकडी कुंपण, एका अंगाला पत्र्याचा स्टँड. हिवाळ्यात महिन्याला एक असे चार रविवार शर्यती होतात. दिवसातल्या पहिल्या दोन शर्यती गावठी आणि मारवाडी घोड्यांच्या. त्यांचे मालक घरूनच लोखंडी नाल ठोकून आणतात. शेवटची, मुख्य शर्यत तेवढी खऱ्या रेसच्या घोड्यांची, थरोब्रेडची. ते घोडे पुण्या-मुंबईच्या मैदानावरून उतरलेले. पूर्वी तिथं दोन-तीन साल पळून, चार शर्यती जिंकून मग इकडं यायचे. आता तिथंच चांगली शिंगरं कमी पडतात म्हणतात, त्यामुळे तिथला शेवटचा घोडासुद्धा लवकर सुटत नाही. सुटतो तेव्हा त्याच्यात काही राहिलेलं नसतं. आणि जे येतात तेही पाच. तेच पाच दर वेळी एकमेकांशी पळतात. पहिला कोण आणि शेवटचा कोण हे शर्यतीआधी स्टँडमधल्या भेळवाल्यालाही सांगता येतं. बैलगाड्यांच्या शर्यती पुन्हा सुरू झाल्यापासून लोक तिकडं वळले आहेत. तिकडं निदान निकाल ठरलेला नसतो.

त्या पाचांत शेवटचा यायचा तो पिपाणी. कागदावर त्याचं नाव सिल्व्हर ट्रम्पेट. पागेत घोडे सांभाळणाऱ्या मोतद्दारांनी पहिल्याच दिवशी त्याची पिपाणी केली आणि पुढं मालकही तेच म्हणायला लागला. नऊ वर्षांचा, तांबूस, कपाळावर मिठाच्या चिमटीएवढा पांढरा ठिपका. गेली चार वर्षं त्याच्या पायाला चांदसाहेबांशिवाय कुणाचा हातोडा लागलेला नव्हता.

रेसच्या घोड्याच्या पायाची एक गोष्ट बाहेरच्याला माहीत नसते. रोजच्या फेरीला त्याला लोखंडी नाल लागतो. शर्यतीला तो काढून अॅल्युमिनियमचा हलका नाल ठोकायचा, आणि शर्यत झाली की पुन्हा लोखंडी. दर नालाला सहा खिळे. खूर महिन्याला वाढतो अर्धं पेर. बारा घोडे असताना एका घोड्याची पाळी महिन्यातून एकदा यायची आणि तेवढ्यात जुनी भोकं खाली सरकून कानशीखाली निघून जायची. आता पाचच असल्यामुळे प्रत्येकाला प्रत्येक वेळी पळावं लागतं, इथं आणि दुसरीकडंही. भोकाशेजारी भोक पडत जातं. शेवटी खुराची कड चाळणीसारखी होते आणि खिळा धरत नाही.

पिपाणीच्या उजव्या पुढच्या पायाचं तसं झालं होतं. डिसेंबरातल्या शर्यतीत त्याचा नाल कडेचा टवका घेऊनच निघाला होता. तेव्हा चांदसाहेबांनी दीड तास बसून तिथं भिंतीच्या भेगांत भरतात तशी, खुरासाठी मिळते ती प्लास्टिकची लांबी भरली, घासून गुळगुळीत केली, वरून काळं तेल चोळलं. क्लबच्या डॉक्टरांनी पाय उचलून पाहिला आणि पुढं गेले. पिपाणीचा मालक आणि ट्रेनर वीरधवल त्या दिवशी चारचौघांत म्हणाला होता, "चाचांचा हात हाय म्हणून हा घोडा उभा हाय." चांदसाहेबांना ते बरं वाटलं होतं. घरी येऊन त्यांनी हुसेनबीलाही सांगितलं होतं.

वीरधवल खंडाळ्याचा, चाळिशीतला. त्याचे वडील आकाराम आधी पागा चालवायचे, तेव्हा तिथं अठरा घोडे होते. वीरधवलकडं सहा उरलेत. मुख्य शर्यतीतले तीन त्याचेच असतात, बाकीचे तीन आता पळत नाहीत.

रविवारी सकाळी सातला चांदसाहेब मैदानावर पोचले तेव्हा वीरधवलचा ट्रक आलेला होता. उसाच्या ट्रॅक्टरांमुळे रस्ता अडून ट्रकला पहाट झाली होती, आणि मोतद्दार ज्ञानू घोड्यांना पाणी दाखवत होता. चार घोड्यांचं काम साडेनवापर्यंत उरकलं. पिपाणी शेवटी. चांदसाहेबांनी त्याचा उजवा पुढचा पाय उचलून मांडीत धरला, जुना नाल काढला, आणि कानस न उचलता तसेच बसून राहिले.

"काय झालं?" ज्ञानूनं विचारलं.

"हिकडं ये. बोट लाव."

ज्ञानूनं बोट लावलं. भरलेली लांबी नालाबरोबर निघून आली होती आणि तिच्यामागं खूर मऊ, ओलसर झाला होता. वास येत होता.

"मालकाला बोलवू?"

"बोलव."

वीरधवल हातात रेसबुक घेऊनच आला. वाकून बघितलं. "भरा की, चाचा. मागच्या वेळंला भरलं तसंच."

"मागच्या वेळंला भरलं म्हणूनच हे झालं."

"मग जरा वर खिळा घ्या."

"वर जिवंत हाय. खिळा मांसात जाईल."

"जरा तिरका घ्या. तुमाला काय सांगायचं? बाबा म्हणायचे, चांदसाहेब खिळा कागदावरबी ठोकतील."

"तुझे बाबा असलं घोडं ट्रकात चढवीत न्हवते," चांदसाहेब म्हणाले. आवाज चढला नव्हता. पाय अजून मांडीतच होता.

 वीरधवल शेजारच्या बादलीवर बसला. "चाचा, बाबांकडं अठरा घोडं होतं. ह्यो न्हाई तर त्यो. माझ्याकडं ह्योच हाय. आज पिपाणी उभा न्हाई राहिला तर चार. चार झालं की रद्द. रद्द झालं की पुढच्या महिन्याला लोकं येत न्हाईत, मालक लोकबी घोडं पाठवत न्हाईत. बाकीच्या चार घोड्यांचं काय करायचं मग? आन तुमचं काय?"

"माझं काय?"

"वीस नाल कुनाला ठोकणार? म्हशीला?"

ज्ञानू हसला आणि लगेच थांबला.

वीरधवलचं बोलणं खोटं नव्हतं, हे चांदसाहेबांना कळत होतं. त्यांनी पाहिलं तर उजव्या बाजूला, मधल्या बोटाच्या रुंदीएवढी कोरी जागा होती. तिथं दोन खिळे बसले असते. चार खिळे लांबीत घेतले असते तर नाल तीन मिनिटं टिकला असता, आणि शर्यत दीड मिनिटाची. ते करणं त्यांना येत होतं. दुसऱ्या कुणाला आलं नसतं. आणि गेल्या महिन्यापासून जे नीट कळत नव्हतं ते त्यांना त्या क्षणी कळलं. त्यांनाही येत नसतं तर हा घोडा दोन वर्षांपूर्वीच बसला असता. तो पळत होता तो त्यांच्या हातामुळं. बाकीच्यांतलेही दोन.

त्यांनी पाय खाली ठेवला.

"न्हाई ठोकत," ते म्हणाले.

"चाचा."

"वळणावर नाल सुटला तर वर बसलेलं पोरगं जिवानिशी जाईल. मग माझा हात कुठं हाय ते विचारत बसशीला."

वीरधवलनं फोन काढला आणि बाजूला जाऊन बोलू लागला. वीस मिनिटांनी क्लबच्या सेक्रेटरी राजेश्वरीताई आल्या. पन्नाशीच्या बाई, निवृत्त कर्नलच्या पत्नी. नवऱ्याच्या मागं क्लब त्यांच्या गळ्यात पडला होता. त्यांनी पिपाणीकडं पाहिलं नाही, चांदसाहेबांकडं पाहिलं.

"चांदसाहेब, काही होण्यासारखं नाही का?"

"न्हाई, बाई."

"तुम्ही नाही म्हणालात म्हणजे नाहीच. मला ते माहीत आहे." त्या चष्मा पुसत उभ्या राहिल्या. "दोन वर्षांपूर्वी म्हणाला असतात तर बरं झालं असतं. तेव्हा दुसरा घोडा मिळाला असता."

चांदसाहेब पिपाणीच्या दुसऱ्या पायाकडं वळले आणि बाकीचे नाल काढू लागले.

त्यांची कल्पना होती की आता शर्यत रद्द होईल. लोक ओरडतील, वीरधवल महिनाभर बोलणार नाही, कदाचित मैदानच बंद पडेल, आणि हे सगळं आपल्या एका नाहीनं झालं असं लोक म्हणतील. दुपारपर्यंत ते या ओझ्याखाली हत्यारं पुसत बसले. कानस पुसली, पकड पुसली, हातोडा दोनदा पुसला.

अडीच वाजता भोंग्यावरून आवाज आला. कमिटीच्या बैठकीत ठरल्याप्रमाणे मुख्य शर्यत आज चार घोड्यांची होईल, किमान घोड्यांचा नियम चारवर आणला आहे. एवढं सांगून निवेदकानं एका पांढऱ्या जीपच्या मालकाला गाडी बाजूला घ्यायला सांगितलं. स्टँडमध्ये तीनेकशे माणसं असतील. कुणी मान वर केली नाही. भेळवाल्यासमोरच्या रांगेत एकजण म्हणाला, "पाचवा तसाबी गनतीलाच हुता."

शर्यत झाली. जो जिंकायचा तोच जिंकला. चौथा पुष्कळ मागून आला आणि रेषा ओलांडल्याबरोबर चालू लागला.

ट्रक भरताना वीरधवल आला. राग निवला होता. "बघा, चाचा. तुमी न्हाई म्हणालात, चारवर आणलं. पुढल्या साली तिनावर आणतील."

"आणतील."

"मग ह्याचं आता काय करू सांगा."

"नाल काढलेत चारी. दहा महिनं मातीत राहू द्या. भोकं खाली सरकून निघून जातील."

"दहा महिनं मी एका घोड्याला चारा घालू?" वीरधवल म्हणाला. "शंभूराज मागतोय त्याला. गाडीला जुंपायला. देतो."

शंभूराज कुंडलजवळच्या वस्तीवरचा, पंचविशीतला. हलक्या दुचाकी गाडीला घोडा जुंपून डांबरी रस्त्यावर शर्यती लावणाऱ्यांतला एक. चांदसाहेबांनी हत्यारांचा डबा मोटरसायकलला बांधला. घोडा त्यांचा नव्हता.

बुधवारी सकाळी शंभूराज छोट्या टेम्पोतून पिपाणीला घेऊन त्यांच्या ओट्यापुढं आला. "चाचा, जाड लोखंडी ठोका. आठवड्यावर गाड्यांचं मैदान हाय."

चांदसाहेबांनी पाय उचलला, बोट लावलं, खाली ठेवला. "खिळ्याला जागा न्हाई."

"काढा की जागा. लय नाव ऐकलंय तुमचं."

"ऐकलंस ते बरोबर हाय. जागा न्हाई."

"मग दुसरीकडनं ठोकून आणतो."

"आण."

शंभूराज टेम्पोच्या दाराला टेकून उभा राहिला. चांदसाहेब बिडी ओढत बसले. दुसरीकडं म्हणजे कुठं, हे दोघांनाही माहीत होतं. तासगावचा नालबंद गुडघ्याच्या दुखण्यानं दोन वर्षं खाली वाकत नाही, कराडचा वारला. घोडे संपत गेले तसे घोड्यांची माणसंही संपली होती. रविवारी मैदानावर त्यांचं जे ‘नाही’ चारचौघांत वाहून गेलं, ते इथं ओट्यावर अडून राहिलं.

"नाल न ठोकता पळवला तर?" शंभूराजनं विचारलं.

"डांबरावर? दोन फर्लांगात बसंल. मग कुनी इकतबी घ्यायचं न्हाई."

"मग कवा ठोकाल?"

"दिवाळीला आण. बघू."

"दिवाळी? आवं, आता कुठं फेब्रुवारी लागलाय."

"तवर रानात सोड. उसाचं वाडं खाईल. तुला काय विकत आणायचंय?"

शंभूराजनं एक शिवी दिली, पण ती कुणाला उद्देशून होती हे स्पष्ट नव्हतं. टेम्पो वळवून तो गेला.

महिन्याच्या शेवटी, शनिवारी, चांदसाहेबांनी ओट्यावर चार ढीग मांडले. डब्यात आणखी चार नाल होते, पिपाणीच्या पायाच्या मापाचे वाकवलेले. दुसऱ्या कुणाला ते बसले नसते. त्यांनी ते डब्याच्या तळाशी सारले.

"किती?" हुसेनबीनं विचारलं.

"सोळा."

"मागल्या खेपेला तर वीस हुते."

"नियम बदलला."

रविवारी सकाळी मैदानाकडं जाताना त्यांनी शंभूराजच्या वस्तीजवळ मोटरसायकल उभी केली. पिपाणी ओढ्याकडंच्या पट्टीत, लांब दोराला बांधलेला होता. पोट सुटलं होतं, अंगावर गोचिडाचे दोन डाग होते. चांदसाहेबांनी त्याचा उजवा पुढचा पाय उचलला, मांडीत धरला, आणि वरच्या कोऱ्या खुरावर अंगठा टेकवून पाहिला. भोकं अर्धं पेर खाली आली होती. ओल गेली होती, वासही नव्हता.

पाय खाली ठेवून त्यांनी पँटवरची माती झटकली आणि मोटरसायकलला किक मारली. मैदानावर चार घोडे वाट पाहत होते. त्यांतल्या दोघांच्या खुरांची चाळण झालेली होती, आणि आज चांदसाहेब त्यांनाही नाल ठोकायला नाही म्हणाले, तर चौथा म्हणून कुणाला उभं करणार हे बघायचं होतं.